काठावरचं कुंकू

माझं माहेर देवरुखाच्या वर, डोंगराला चिकटलेलं, इतकं वर की एस.टी. आमच्याकडे यायची ती नुसती तोंड दाखवायला आणि पुन्हा खाली पळायची. तिथली मी. आता सगळे शालूआजी म्हणतात, तेव्हा नुसती शाली, दोन वेण्या, राणी रंगाच्या रिबिनी, आणि डोक्यात हवा इतकी की त्या हवेनंच उडत रत्नागिरीपर्यंत आले म्हणा ना. लग्न ठरलं तेव्हा मधल्या माणसानं सांगितलं, मुलगा रेडिओत आहे. झालं, मी पाणवठ्यावर सांगून मोकळी, माझा नवरा रेडिओत बातम्या देतो, तुम्ही सगळ्या संध्याकाळी ऐकत जा. बायका ऐकायच्या पण, आणि मला सांगायच्या, आवाज भारदस्त आहे हो तुझ्या घोवाचा. मी लाजायचे. इथं आले तेव्हा कळलं की रेडिओत आहे म्हणजे दिवसभर रेडिओत हात घालून बसलेला असतो. दुरुस्तीचं दुकान. आणि आवाज म्हणाल तर ह्यांचा आवाज इतका बारीक की जेवायला हाक मारली तर मांजर यायचं.

तर दुकान. बाजारातनं मांडवीकडे उतरताना डाव्या हाताला एक अरुंद गाळा, आत रेडिओ, मिक्सर, इस्त्र्या, आणि समुद्राची खारी हवा, जी लोखंड खाते, पत्रा खाते, आणि वेळ मिळाला तर माणूस पण खाते. मी बसून काय करू, मी हाताखाली कामाला लागले. काय सांगू तुम्हाला, माझ्याइतकी शहाणी बाई त्या वेळी जिल्ह्यात नव्हती, असं माझं मत होतं. कॅसेटी आल्या. एक कॅसेट कुईकुई करायला लागली, तर माझ्या माहेरी रहाट कुईकुई करायला लागला की काय करतात, तेल घालतात, म्हणून मी तिला खोबरेल घातलं. चांगलं, घाण्याचं. ती कॅसेट पुढं जी वाजली ती अशी, की गाणारा माणूस तळला जातोय. गिऱ्हाईक आलं तेव्हा मी म्हटलं, आता बघा कशी मऊ झालीय.

मग सीडी आली. पहिली सीडी हातात आली तेव्हा मी तिच्यात आधी तोंड बघितलं, टिकली सरळ केली, आणि मग लावायला गेले. ती काही लागेना. का लागेना, तर मी तिची दुसरी बाजू लावली होती, कॅसेटची लावतात तशी. चकचकीत बाजू वर, चित्राची खाली. मशीन म्हणतं, आत डिस्कच नाही. मी गिऱ्हाइकाला तोंड वर करून सांगितलं की तुम्हाला अर्धीच भरलेली दिलीय, दुसऱ्या बाजूला गाणी नाहीत, जा आणि भांडा. तो बिचारा गेला भांडायला. ह्यांनी कपाळावर हात मारला, आणि त्या बारीक आवाजात म्हणाले, शालू, तिला एकच बाजू असते. मी म्हटलं, मग ती नाण्यावाणी गोल कशाला केलीय.

हसा, हसा. मी पण हसते. ती पोरगी मला आज भेटली ना, तर मी तिच्या दोन्ही वेण्या एकमेकींना बांधीन आणि कोपऱ्यात बसवीन.

पुढं कंप्युटर घेतला, सेकंडहँडच, तेव्हा पांढरा होता, आता रंगानं नारळाच्या सुकलेल्या सोडणासारखा झालाय. हाच तो. ह्यांचे हात कापायला लागले, तारांचं झारण नीट बसेना, तेव्हापासून हे घरी टीव्हीसमोर असतात आणि दुकान माझ्या अंगावर. रेडिओ कोणी आणत नाही आता. पण एक झालं. नवीन जे पातळ पातळ कंप्युटर आले त्यांना सीडी घालायला फटच नाही, आणि लोकांच्या कपाटात सीड्या तशाच पडून. मिरकरवाड्यातल्या भाभी निकाहच्या आणतात, आगरातल्या बायका बारशाच्या आणतात, भजनीबुवा भजनाच्या आणतात, आणि सगळे म्हणतात, शालूआजी, पेनड्राइव्ह मारून द्या. म्हणजे सीडीतली गाणी कंप्युटरात ओढायची आणि पेनड्राइव्हवर घालायची. ऐकायला सोपं. विहिरीतनं पाणी ओढण्यासारखंच, फक्त रहाट जुना, दोर जुना, आणि कळशीला भोक.

कारण काय, कधी ह्याचा सीडीचा खणच उघडत नाही. त्याच्या खाली एक बारीक भोक असतं, त्यात बांगडीतली पिन काढून टोचायची, की जीभ बाहेर काढतो. कधी आतल्या डोळ्याला दमट हवेनं बुरशी धरते. एकदा पालीनं आत अंडी घातली होती, मी आठवडाभर सीड्यांना दोष देत होते. आणि सीडी पुसायची म्हटली की लोकं पदरानं गोल गोल पुसतात, ताट पुसल्यासारखी, तिथंच तिचा जीव जातो. ती आतनं बाहेर वाजते, बारीक वेटोळी, पहिलं गाणं भोकाजवळ आणि शेवटचं काठाला. म्हणून पुसायची ती भोकाकडनं काठाकडे, सरळ. आडवा ओरखडा ती उडी मारून ओलांडते, पण वेटोळ्याच्या वाटेनं ओरखडा गेला तर तेवढी वाटच खचली. ओरखड्यावर पांढरी टूथपेस्ट चोळायची, पांढरीच हो, मी आधी लाल दंतमंजन चोळलं होतं, त्या सीडीवर आता चहाचा कप ठेवते.

आणि ह्या म्हाताऱ्या कंप्युटरचा एक स्वभाव आहे. सीडी वाचताना फार वेळा अडखळला की हा आपला आपण पाय ओढायला लागतो, आणि मग कोरीकरकरीत सीडी घातली तरी तसाच पाय ओढत चालतो, कारण सांगत नाही. मग आत जाऊन सीडी फिरवणाऱ्या ड्राइव्हचं नावच काढून टाकायचं, कंप्युटर बंद करून चालू करायचा, की हा झालं गेलं विसरतो आणि पुन्हा पळायला लागतो. आमच्या सासूबाईंना असं बंद-चालू करता आलं असतं तर माझं आयुष्य कुठल्या कुठं गेलं असतं.

पण मी धोंडू शाहिरांचं सांगत होते. नव्हते? मग आता सांगते.

तुम्ही जाखडी बघितलीत ना गणपतीतली. मधे ढोलकीवाला आणि शाहीर, भोवती चाळ बांधलेली पोरं गोल धरून नाचतात. दोन गावच्या दोन पार्ट्या समोरासमोर उभ्या राहिल्या की त्याला म्हणायची बारी. एका शाहिरानं गाण्यातनं सवाल टाकायचा, दुसऱ्यानं गाण्यातनंच जबाब द्यायचा, आणि नाही देता आला तर लोकं वर्षभर हसतात, वर्षभर कसली, जन्मभर. संगमेश्वराकडच्या एका वाडीचे धोंडू शाहीर आणि ओढ्यापलीकडच्या गावचे बाबू शाहीर, दोघांची एक बारी फार गाजली होती. तेव्हा आमचे हे हिंडतेफिरते होते, हेच माईक घेऊन गेले होते, आणि मंडळाला एक सीडी करून दिली होती. ती एकुलती एक. धोंडू शाहिरांनी ती घरी नेली, ती आजवर तिथंच.

ह्या वर्षी गणपतीच्या आधी धोंडू शाहीर ती घेऊन दुकानात आले. पांढऱ्या मिशा, टोपी, छाती पुढं. बरोबर बायको, चंद्राबाई, बारीक अंगाची, हसली की डोळे मिटणारी. आणि त्यांच्या मागनं, चार माणसं मधे मावतील एवढं अंतर सोडून, बाबू शाहीर. तिघं एकाच एस.टी.नं आले होते, धोंडू शाहीर पुढच्या सीटवर, बाबू शाहीर अगदी मागं, आणि चंद्राबाई मधे, असं तिनंच मला सांगितलं. धोंडू शाहिरांचा गावात सत्कार होता, मंडळाची पोरं त्या दिवशी ती बारी लाऊडस्पीकरवर लावणार होती, म्हणून पेनड्राइव्ह पाहिजे होता.

धोंडू शाहीर म्हणाले, बारी ऐकलीत तर कळंल तुमास, मी सवाल टाकला आनि ह्याची दातखीळ बसली. सवाल काय, तर त्यांनी तिथंच टेबलावर ताल धरून म्हणून दाखवला,

लेक जन्मली आधी, मागनं जन्मली आय,
लेक लोंबते उघड्यावर, सांग शाहिरा, ती काय.

आणि बाबू शाहीर दारातनंच म्हणाले, मी जबाब दिला व्हता. धोंडू शाहीर म्हणाले, मग सीडीत कुठं गेला. कारण घरच्या प्लेअरवर ती सीडी लावली की सवाल संपतो आणि टुणकन उडी मारून पुढं धोंडू शाहिरांचंच पुढचं कडवं सुरू होतं, छाती काढून. जबाब नाहीच. इतकी वर्षं गावात तेच वाजलं, पाहुण्यारावळ्यांना तेच ऐकवलं, आणि बाबू शाहिरांना लोकं म्हणायला लागले मुका शाहीर. चेष्टेत हो, पण म्हणायला लागले. बाबू शाहिरांची पार्टी उभी राहिली की समोरची पोरं तोंडावर बोट ठेवायची. आता लाऊडस्पीकरवर लागणार म्हटल्यावर हे म्हातारे गृहस्थ काठी टेकत रत्नागिरीपर्यंत आलेले.

ते माझ्याकडे बघून म्हणाले, शालूबाय, मी बोललो व्हतो. काय बोललो ता आठवत नाय. पन बोललो व्हतो.

मी म्हटलं, आणा सीडी. धोंडू शाहिरांनी पिशवीतनं पितळेचा डबा काढला, डब्यातनं लाल फडकं, फडक्यातनं सीडी, आणि मी ती उलटी करून बघते तर काय, चकचकीत बाजूला, काठाशी, आठाण्याएवढं कुंकू. वाळून खडखडीत झालेलं, खाली हळद, वर एक अक्षता चिकटलेली. मी म्हटलं, हे काय. तर म्हणाले, खंडेनवमीला आम्ही ढोलकीची पूजा करतो, चाळांची करतो, तशी हिची पण करतो, हिनंच तर आमचं नाव केलं. पूजा चंद्राबाई करते. चकचकीत ते तोंड, तोंडाला कुंकू. मी काय बोलणार, मी दोन्ही बाजू वाजवायला निघालेली बाई.

मी म्हटलं, हे आधी धुवायला पाहिजे. तशी चंद्राबाईनं झपकन सीडीवर हात ठेवला. पूजेचं कुंकू हाय, पुसायचं नाय. धोंडू शाहीर म्हणाले, बरोबर हाय, आमच्या घरची लक्ष्मी ती. पुसायचं नाय तर नाय, घातली तशीच आत.

आणि मग सुरू झालं खर्र खर्र, टिक टिक, जसा कोणी आतनं दार वाजवतोय. पहिली गाणी सुरळीत आली, काठाजवळच्या शेवटच्या गाण्याला अडलं. वेग कमी केला. चुका सुधारून वाच म्हणून एक खूण असते ती केली. दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातली, कारण प्रत्येक ड्राइव्हची नजर वेगळी असते, एकाला दिसत नाही ते दुसऱ्याला दिसतं, माणसांसारखंच. तो दुसरा पण अडला. तोवर पहिल्यानं पाय ओढायला सुरुवात केली, त्याला बंद-चालू केला. शेवटी मी म्हटलं, वाचता येत नसेल तिथं सोड आणि पुढं जा. तसा तो गेला, आणि गाणं निघालं.

लावलं. ढोलकी, चाळ, धोंडू शाहिरांचा तरणा आवाज, लेक जन्मली आधी, सगळं झकास, आणि सवाल संपला तशी शांतता. पार शांतता. बरीच मोठी. मग एकदम पुढचं कडवं.

धोंडू शाहिरांनी मांडीवर थाप मारली. ऐका म्हणाले, घरी तर नुसती उडी मारते, हितं तर ह्याचा मुकेपना सगळाच्या सगळा आलाय. मोजून घ्या. बाबू शाहीर म्हणाले, ती मशीनची शांतता हाय, माजी नाय. धोंडू शाहीर म्हणाले, मशीनला काय तुझं वैर. दोघांचं असं लागलं की बाहेरचा चहावाला बघायला आला.

मला पण आधी वाटलं, झालं, सुटले, पेनड्राइव्ह मारावा आणि म्हाताऱ्यांना एस.टी.त बसवावं. पण मी हेडफोन लावला. ही सवय ह्यांची, काम देण्याआधी एकदा कानाला लावून ऐकायचं. आणि ऐकता ऐकता मला चमत्कारिक वाटलं. तुम्ही विचार करा, अख्खा गाव बसलाय, पोरं रडतायत, कोणी खोकतोय, जनरेटर घरघरतोय, नाचणारा पाय हलवतो तेव्हा चाळ वाजतातच. शाहीर गप्प झाला म्हणून जनरेटर गप्प होतो का. खोकणाऱ्याचा खोकला थांबतो का. ह्या शांततेत काहीच नव्हतं. खोकला नाही, चाळ नाही, रातकिडा नाही. कंप्युटरला वाचता आलं नाही तेवढी जागा त्यानं कोरी ठेवून दिली होती.

मी हेडफोन काढला आणि सांगितलं, धोंडू शाहीर, बाबू शाहीर म्हणतात ते खरं आहे, ही माणसाची शांतता नव्हे. खाली काहीतरी आहे आणि ते कुंकवाखाली आहे.

धोंडू शाहिरांचं तोंड एवढंसं झालं. बरं, माणूस लबाड नाही हो, त्यांनी स्वतः इतकी वर्षं तेच ऐकलं होतं, ऐकून ऐकून तेच खरं झालं होतं. थोडा वेळ टोपी काढून टोपीत बघत बसले. मग म्हणाले, मग पुसा. चंद्राबाई म्हणाली, पुसायचं नाय. बाबू शाहीर म्हणाले, पुसायलाच पायजे. चंद्राबाई म्हणाली, तू गप, देवाचं हाय ता.

आता मी देवाधर्मात काही कोणाला ऐकत नाही. मी म्हटलं, अगो बायो, गणपती एवढा मोठा देव, त्याची सुद्धा उत्तरपूजा केली, अक्षता टाकल्या, जागेवरनं जरा हलवला की त्याला उचलून पाण्यात घालतो ना आपण. मग सीडीची का होऊ नये. चंद्राबाई बाजूला सरकली. मी गाळ्यात देवाच्या फोटोपुढं तांदूळ असतात तेच घेतले, सीडीवर टाकले, हात जोडले, सीडी उत्तरेकडे जरा सरकवली, पुन्हा या म्हटलं, आणि पाणी घालून कुंकू भिजवून ते पाणी बाहेरच्या तुळशीत ओतलं. मग नळाखाली साबण. चहावाल्यानं सुद्धा नमस्कार केला.

कुंकू गेलं, पण खाली त्या अक्षतांनी वर्षानुवर्षं घासून घासून बारीक जाळी करून ठेवली होती. मग टूथपेस्ट, पांढरी, भोकाकडनं काठाकडे, बोट हलकं, जसं तान्ह्या पोराला काजळ घालतो. पुन्हा धुतली, पुन्हा पुसली, पुन्हा आत घातली, सगळ्यात कमी वेगावर. चंद्राबाई माझ्या खांद्यामागं उभी. म्हणाली, येत नसंल तर रावंदे हो, जुनाट झाली ती. मी म्हटलं, येतंय. ती म्हणाली, तुमचं पन वय झालं, कशाला डोळे ताणता. मला तेव्हा पण काही कळलं नाही बघा. डोक्याचे केस पिकले म्हणून आतली शाली थोडीच शहाणी झालीय.

गाणं निघालं आणि मी आवाज मोठा करून लावलं. सवाल झाला. आणि पुन्हा शांतता. पण ही खरी, हिच्यात जनरेटर होता, खोकला होता, एक पोर किरकिरत होतं, कोणाचे तरी चाळ अवघडून वाजले. धोंडू शाहीर हळूहळू ताठ झाले. बाबू शाहीर काठीवर हनुवटी टेकून बसलेले, त्यांचे डोळे खाली गेले. ते त्या वेळी काय करत होते तेही त्यांना आठवलं असावं, कारण पुटपुटले, मी पुरानात शोधत व्हतो, कुठल्या देवीची लेक आधी जन्मली. शांतता लांबली. लोकं हसायला लागल्याचा आवाज आला.

आणि मग एकदम जवळनं, माईकच्या शेजारनं, एका बाईचा आवाज. तरणा, खणखणीत, चिडलेला.

काजू रे बाबू, काजू. बी आधी, बोंडू मागनं.

आणि पुढच्या क्षणाला ढोलकीवर थाप पडली आणि बाबू शाहिरांचा आवाज उठला, काजूच्या झाडावर, बोंडवाच्या खाली लोंबणाऱ्या बीवर, असा काही बांधत गेला की लोकांच्या शिट्ट्या, आरडाओरडा, आणि त्याच्या अंगावर धोंडू शाहिरांचं पुढचं कडवं. ते जे छाती काढून वाटत होतं ना इतकी वर्षं, ते छाती काढून नव्हतंच, घाईघाईनं विषय बदलणं होतं.

गाणं संपलं. धोंडू शाहिरांनी विचारलं, ही बाय कोन?

चंद्राबाई म्हणाली, मी.

चंद्राबाई पदर खोचून उभी राहिली आणि नवऱ्याला म्हणाली, बाबूचा गाव म्हंजे माजं म्हायेर, ता तुमास ठाव हाय. कोडं माज्या आजीचं. मी तुमास जेवताना घातलं, हसायला म्हनून. तुमी ता उचललंत आनि माज्याच म्हायेरच्या मान्सावर नेऊन घातलंत. तो थंय घामाघूम, माजा गाव समोर मान खाली घालून बसलेला, आनि मी काय तुमच्या टोपीकडं बघत बसू?

मग मला राहवेना. मी विचारलं, बायो, एक सांग. कुंकू लावायचं तर माणूस मधोमध लावतो. मधोमध लावलं असतंस तर काही बिघडलं नसतं, तिथं वाजतच नाही काही. हे काठाला कसं गेलं?

तिचे डोळे मिटले, म्हणजे हसली. म्हणाली, पयल्या वर्षी, सीडी कोनी ऐकायच्या आदीच, चुकून लागलं. मग सीडी लावली तर बरोबर त्याच ठिकानी उडी मारली न् मी वाचले. मग दर वर्षी थंयच लावलं. धोंडू शाहीर म्हणाले, पन कशासाठी? ती म्हणाली, तुमी जिंकलेले बरे असता घरात. निवलेला भात वाढला तरी गानं म्हनत खाता.

बाबू शाहीर म्हणाले, आनि मी गो चंद्रे? माजा येवडा मुका शाहीर झाला तो? तर त्यांच्याकडे वळून म्हणते कशी, तू मुकाच व्हतास की रे. बोलले ती मी.

पहिले हसले ते बाबू शाहीर. काठी पडली हातातनं इतके हसले. मग मी, मग चहावाला. धोंडू शाहीर काही हसले नाहीत. मला भीती वाटली, म्हातारा मनाला लावून घेणार, सत्कार नको म्हणणार, आणि घरी जाऊन ही बिचारी निवलेला भात कोणाला वाढणार. त्यांनी लाल फडकं झटकलं, घडी घातली, सीडी त्यात ठेवली, डबा लावला. मी कुठलं गाणं घालू म्हणून विचारलं, शांततेचं की हे. ते पायरी उतरून रस्त्यावर गेले, तिथं उभे राहिले, रिक्षावाल्यानं हॉर्न मारला तरी हलेनात. मग परत वर आले, माझ्या टेबलाशी वाकले, आणि चंद्राबाईला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाले, पण धोंडू शाहिरांचा हळू आवाज म्हणजे मांडवीपर्यंत जातो, म्हणाले,

हाच घाला. आनि ता काजूचं म्हनते ना ती बाय, तितं जरा आवाज मोटा करून द्या.

दिला करून. ओरखड्याची थोडी खरखर राहिली तिच्या आवाजाला, ती मी काढली नाही, त्यात पोराचं किरकिरणं पण होतं. सत्काराला मी गेले नाही, गुडघे कुठं चढू देतात त्या पाखाड्यांच्या पायऱ्या. पण कळलं की बाबू शाहीर आपली सगळी पार्टी घेऊन आले होते, आणि लाऊडस्पीकरवर बाईचा आवाज आला तेव्हा धोंडू शाहिरांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं, ऐकू द्या म्हणून. घरी निवलेला भात कसा खातात आता ते काही कळलं नाही. चंद्राबाईला फोन केला तर म्हणाली, खातात, पन आदी विचारतात कोडं हाय का कुठलं.

असं आहे बघा. हा कंप्युटर आज आहे, उद्या नाही. पंखा घरघरतो, बटणं अडकतात, मी त्याला म्हणते, आपण दोघं पाय ओढतोय, तू आधी बसलास तर मी दुकान बंद करीन, मी आधी बसले तर तुला भंगारवाला नेईल, त्यात वाईट काय. लोकांच्या सीड्या तेवढ्या सोडवून द्याव्यात, जमेल तेवढ्या. तुम्ही लिहिलंत ते सगळं लिहिलंत ना, माझ्या वेण्यांचं पण? लिहा. तुमचं बरं होऊ दे, तुमच्या घरातली माणसं बोलती राहू देत, आणि कपाटात काही सीड्या असल्या तर पावसाच्या आधी घेऊन या. पुसायच्या झाल्या तर सरळ पुसा.